त्या सात संध्याकाळी रद्दीत घालू नका : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
सप्रेम नमस्कार.

मी गेली ४१ वर्षे आपल्या वाचनालयाची सभासद आहे आणि निवृत्त शिक्षिका आहे. संस्थेचे नाव या पत्रात मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे भांडण संस्थेशी नाही. ज्या संस्थेने मला वाचायला शिकवले तिची नाचक्की व्हावी, असे मला स्वप्नातही वाटणार नाही. परंतु गेल्या महिन्याच्या अखेरीस देवघेव विभागाजवळच्या फळ्यावर जी सूचना लागली, ती वाचल्यापासून मला गप्प बसवत नाही, आणि कार्यालयात दिलेल्या दोन अर्जांना उत्तर न मिळाल्यामुळे हे पत्र सर्व कोल्हापूरकरांच्या समोर लिहावे लागत आहे.

सूचनेत म्हटले आहे की, मागच्या दालनातील ‘जुने, जीर्ण व वापरात नसलेले छापील साहित्य’ निकाली काढून तेथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करण्यात येईल. या एका ओळीत काय काय सामावले आहे, हे सूचना लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला शंका आहे. त्या दालनात १९२७ ते १९४७ या २० वर्षांतील दैनिके, साप्ताहिके आणि नभोवाणीच्या कार्यक्रमपत्रिका यांचे बांधीव खंड आहेत. त्यांतल्या नभोवाणीच्या पानांविषयी मी येथे लिहिणार आहे, कारण ती पाने मी स्वतः चाळली आहेत आणि त्यांच्याशी माझ्या घराचा संबंध आहे.

माझे आजोबा करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. तो घेण्याची ऐपतही नव्हती. शाहूपुरीत गुळाची अडत असलेल्या एका व्यापाऱ्यांकडे बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा संच होता. त्यांना मुंबईचे बाजारभाव ऐकायचे असत आणि ते झटपट टिपून घेणारा माणूस हवा असे. आजोबांचे अक्षर सुंदर आणि हात चपळ. त्यामुळे दिवेलागणीनंतर ते वही घेऊन अडतीवर जात, भाव टिपून देत, आणि त्याचा मोबदला म्हणून पुढचे सगळे गाणे-बोलणे ऐकायला बसत. माझे वडील त्या वेळी १० वर्षांचे होते. कौलांवर बांधलेला एरिअलचा बांबू वाऱ्याने कलला की वर चढून तो सरळ करायचा, हे त्यांचे काम होते. घरातल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूने, आजोबांनी त्या संध्याकाळी काय ऐकले याच्या नोंदी केल्या. ती वही माझ्याजवळ आहे.

कोल्हापूरला मुंबई ऐकू येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालेल्या मुंबई केंद्राचे प्रक्षेपक यंत्र अवघ्या दीड किलोवॅटचे होते, आणि आपण तेथून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर. दिवसा त्या मध्यम लहरी येथवर पोचणे कठीण होते. सूर्य मावळला की वातावरणातला, त्या लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, आणि त्याहून उंच असलेल्या थरावरून परावर्तित होऊन त्याच लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांसाठी नभोवाणी म्हणजे संध्याकाळ आणि रात्र, एवढेच होते. पुण्याचे केंद्र १९५३ मध्ये आले, सांगलीचे १९६३ मध्ये. त्याआधीचा कोल्हापूरचा श्रोता अंधार पडण्याची वाट पाहत असे.

वहीतला सर्वांत सलग भरलेला आठवडा ८ जून १९३६ च्या सोमवारी सुरू होतो. योगायोग असा की, ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे नाव बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले ते याच तारखेला. आजोबांच्या वहीत त्याचा उल्लेख नाही; ते पुढेही कित्येक महिने ‘मुंबई स्टेशन’ असेच लिहीत राहिले. तीन वर्षांपूर्वी मी ही वही घेऊन आपल्या मागच्या दालनात बसले आणि त्याच आठवड्याचे छापील कार्यक्रम शोधून दोन्ही शेजारी ठेवले. त्या दिवशी मला जे दिसले, त्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

सोमवारी वहीत नोंद आहे : ‘रा. ८, स्टँ. टा. बाईंचे गायन. यमन. स्वच्छ.’ वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ लिहावे लागे, कारण मुंबईची स्थानिक वेळ स्टँडर्ड टाइमपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि कोणते घड्याळ धरायचे यावरून अडतीवर रोज वाद होई, असे वडील सांगत. वहीत केवळ ‘बाई’ आहेत. त्यांचे नाव छापील पानावर मिळाले. मंगळवारी कापसाचे भाव, मग लहान मुलांच्या संगोपनावर एक भाषण. त्यापुढे आजोबांनी लिहिले आहे, ‘घरी सांगणे.’ बुधवारी मृगाच्या विजा कडाडत होत्या, त्यामुळे फक्त दोन शब्द : ‘नुसती खरखर.’

गुरुवारच्या छापील रकान्यात एका बुवांचे ख्यालगायन आहे, पाऊण तासाचे. वहीत मात्र लिहिले आहे, ‘बुवा आले नाहीत. तबकड्या लावल्या.’ शुक्रवारी पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. अडतीतल्या मंडळींनी संच बंद करायला सांगितले, आजोबांनी पाव तास मागून घेतला आणि लिहिले, ‘एक वाद्य आपल्या सनईच्या जवळचे.’ शनिवारी नाटकातले प्रवेश होते. त्या रात्री अडतीच्या गाद्यांवर, गुळाच्या रव्यांच्या थप्पीला टेकून आणि बाहेर पायऱ्यांवर मिळून २२ माणसे बसली होती. हा आकडा वडिलांनी मोजून सांगितला म्हणून वहीत आला. शेजारच्या घरातल्या बायका खिडकीशी उभ्या होत्या. त्या मोजल्या गेल्या नाहीत.

रविवारी बॅटरी उतरली. वहीत त्या दिवशी तेवढाच शब्द आहे, ‘उतरली’. त्या संध्याकाळी मुंबईहून काय प्रक्षेपित होणार होते, ते फक्त आपल्या दालनातल्या पानावर आहे. त्या पानावर रविवारच्या एका कीर्तनाभोवती शिसपेन्सिलीने गोल केलेला आहे. तो गोल माझ्या आजोबांचा नाही, त्यांना वाचनालयातल्या अंकावर रेघ ओढणे कधीच सहन झाले नसते. म्हणजे या शहरात आणखी कोणीतरी त्या कीर्तनाची वाट पाहत होते. कोण होते, त्यांना ते ऐकायला मिळाले का, हे मला समजलेले नाही. पण ती व्यक्ती होती, याचा पुरावा त्या पेन्सिलीच्या खुणेखेरीज जगात दुसरा कोठेही नाही.

महोदय, त्या काळचे बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. गायक ध्वनिक्षेपकासमोर बसून गात आणि गाणे हवेत विरून जाई. ते जपून ठेवण्याची सोय नव्हती आणि तशी पद्धतही नव्हती. त्या सात संध्याकाळींचा आवाज परत मिळणार नाही. राहिला आहे तो छापील रकाना, एखादी खासगी वही आणि समासातल्या खुणा. कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी या शहरात राहिले, पण त्यांनी ध्वनिमुद्रिका काढू दिल्या नाहीत. त्यांचे गाणे आज आपण त्यांच्या शिष्यपरंपरेतून आणि ज्यांनी ऐकले त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून जाणतो. खाँसाहेबांविषयी लिहिणारे पुष्कळ होते. सोमवारच्या त्या ‘बाईं’विषयी कोणी लिहिले नाही. त्या पिढीत अशाही गायिका होत्या ज्यांची एकही तबकडी निघाली नाही, आणि त्या गायल्या होत्या एवढे सांगणारी एक छापील ओळच आता शिल्लक आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीविषयी आहे. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. सभासदांनी वर्गणी भरून, पूर्वीच्या पिढ्यांनी देणग्या देऊन बांधून घेतलेले खंड काढून टाकायचे असतील, तर ते सभासदांना सभेत विचारून ठरवायला हवे होते. फळ्यावरची सूचना म्हणजे विचारणे नव्हे. ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकजण आता जिना चढून तेथपर्यंत येऊ शकत नाहीत, हे मंडळाला ठाऊक आहे.

दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. काय टाकायचे याची यादीच झालेली नाही. मी कार्यालयात यादी मागितली, तेव्हा ‘सगळे जुनेच आहे’ असे सांगण्यात आले. दालनातल्या कपाटांत शासकीय राजपत्रांच्या दुबार प्रती आहेत, जुन्या दिनदर्शिका आहेत, फाटक्या क्रमिक पुस्तकांचे ढीग आहेत. त्यांपैकी बरेच निकाली काढायला माझी काडीइतकीही हरकत नाही. परंतु त्यांच्याच शेजारच्या फळीवर ‘द इंडियन रेडिओ टाइम्स’ आणि डिसेंबर १९३५ पासून त्याची जागा घेणाऱ्या ‘द इंडियन लिसनर’चे अंक आहेत, रोजचे नभोवाणीचे कार्यक्रम मराठीत छापणारी दैनिके आहेत, युद्धकाळातले अंक आहेत. आपल्या शिरोळच्या वेणू चितळे लंडनला बीबीसीत काम करीत होत्या, ती वर्षे या खंडांत आहेत. क्रमिक पुस्तके आणि हे खंड एकाच वजनकाट्यावर चढणार असतील, तर ती निवड नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘हे सगळे आता इंटरनेटवर आहे’ हे मला तोंडी देण्यात आलेले उत्तर. ‘इंडियन लिसनर’चे पुष्कळ अंक संगणकावर वाचायला मिळतात, हे खरे आहे, आणि ज्यांनी ते काम केले त्यांची मी ऋणी आहे. पण ते अंक इंग्रजी आहेत आणि साऱ्या देशासाठी काढलेले आहेत. बंगालीत १९२९ पासून ‘बेतार जगत’ हे नभोवाणीचे स्वतंत्र पाक्षिक निघत होते, त्यामुळे बंगाली श्रोत्याचा इतिहास शोधणाऱ्याला कोठे जायचे ते ठाऊक असते. मराठी श्रोता दैनिकांच्या आतल्या पानांवर, दीड-दोन इंचांच्या रकान्यांत विखुरलेला आहे. त्या रकान्यांत आपली भाषा नव्या यंत्रासाठी शब्द शोधताना दिसते : कोठे ‘बिनतारी’, कोठे ‘ध्वनिक्षेपण’, कोठे ‘नभोवाणी’, आणि कंटाळून शेवटी ‘रेडिओ’. कार्यक्रम आवडला नाही म्हणून वाचकांनी लिहिलेली पत्रे आहेत. मराठी गाण्याला वेळ कमी मिळतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. यांतले काय संगणकावर आले आहे आणि काय नाही, हे कोणी ताडून पाहिले आहे का? यादीच नसताना ते ताडता तरी कसे येईल? शिवाय दुसऱ्या गावच्या प्रतीचे छायाचित्र मिळाले, तरी आपल्या प्रतीवरचा पेन्सिलीचा गोल त्यात असणार नाही.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. तीन वर्षांपूर्वी मला दालनात बसू दिले, पण पानांची छायाचित्रे घेऊ दिली नाहीत, आणि गेल्या वर्षापासून दालनच कुलूपबंद आहे. साहित्य ‘वापरात नाही’ असे ठरवण्याआधी ते वापरायला मिळत होते का, हे पाहिले जावे.

अभ्यासिकेविषयी माझे म्हणणे स्पष्ट लिहिते, म्हणजे गैरसमज राहणार नाही. तिची गरज आहे. गावोगावची मुले-मुली येथे खोल्या घेऊन राहतात, एका खोलीत चौघे-पाचजण, आणि त्यांना शांतपणे बसायला जागा नाही. मी ३० वर्षे शिकवले आहे. या मुलांच्या आड मी येणार नाही. पण नभोवाणीचे आणि दैनिकांचे खंड मी मोजले तेव्हा ते तीन कपाटांत मावत होते. दालनात कपाटे १४ आहेत. उरलेल्या ११ कपाटांची जागा मोकळी करून अभ्यासिका सुरू करता येईल, आणि ही तीन कपाटे पहिल्या मजल्यावरच्या सभागृहामागील खोलीत हलवता येतील, जेथे आज मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. ती खोली वर असल्याचा आणखी एक फायदा आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोठपर्यंत आले, हे आपण सर्वांनी पाहिले. मागच्या दालनाच्या भिंतीला तेव्हापासून ओल आहे, आणि खालच्या फळीवरच्या खंडांना बुरशी धरली आहे.

कागद जीर्ण झाला आहे, हे मला मान्य आहे. त्या काळचा वर्तमानपत्राचा कागद मुळातच आम्लयुक्त लगद्याचा, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच घाई करायची असेल, तर ती छायांकनाची करावी. बांधणी न उसवता, खंड उताणा ठेवून वरून कॅमेऱ्याने पाने टिपता येतात. साध्या झेरॉक्स यंत्रावर दाबल्यास मात्र पाठ फुटते, हे सांगून ठेवते, कारण उत्साहाच्या भरात तसे होण्याची भीती आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभी राहिलेली माणसे आठवा. मीही त्यांत होते. धाय मोकलून रडणारे रंगकर्मी मी पाहिले, आणि जन्मात कधी नाटक न पाहिलेले रिक्षावालेही डोळे पुसत होते. ती आग कोणाच्या ठरावाने लागली नव्हती. आपल्या दालनाबाबत मात्र ठराव आपल्या हातात आहे, आणि तो बदलण्याचा अधिकारही.

निर्णय बदलण्यात कमीपणा आहे असे कोणाला वाटत असेल, तर याच विषयातले एक उदाहरण देते. मुंबईचे केंद्र चालवणारी खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने १ एप्रिल १९३० पासून ती सेवा चालवायला घेतली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, खर्च परवडत नाही म्हणून सरकारने ती बंद करण्याचे ठरवले. १९२७ च्या अखेरीस साऱ्या देशात परवानाधारक श्रोते चार हजारांच्याही आत होते आणि १९३१ मध्येही देशाच्या मानाने ते थोडेच होते. ‘एवढ्या थोड्यांसाठी कशाला’ असे म्हणणे सोपे होते. पण लोकांनी हरकत घेतली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतला. मे १९३२ मध्ये सेवा कायम करण्याचे ठरले. परक्या सरकारने थोड्या श्रोत्यांचे ऐकले म्हणून जून १९३६ मध्ये शाहूपुरीतल्या त्या अडतीवर २२ माणसे बसू शकली.

माझ्या मागण्या अशा आहेत. हा ठराव तहकूब करावा आणि एकही बांधीव खंड दालनाबाहेर विक्रीसाठी जाऊ नये. सर्व खंडांची नाव, वर्ष, महिना आणि अवस्था यांसह यादी करावी आणि ती सभासदांना पाहायला ठेवावी. नभोवाणीचे कार्यक्रम छापलेले अंक आधी बाजूला काढून त्यांचे छायांकन करावे, आणि छायांकन झाल्यावरही मूळ प्रती फेकू नयेत. हे सांभाळणे संस्थेला खरोखरच शक्य नसेल, तर तसे लेखी सांगावे आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय किंवा शहरातील पुराभिलेखागार यांच्याकडे हे खंड रीतसर सोपवण्याविषयी पत्रव्यवहार सुरू करावा. रद्दीवाल्याचा क्रमांक त्यानंतरही येऊ नये, असे माझे मत आहे.

यासाठी लागणारे हात मी जमवले आहेत. माझ्याखेरीज दहा सभासद यादीचे काम विनामूल्य करायला तयार आहेत. त्यांत दोन निवृत्त ग्रंथपाल आहेत, आणि अभ्यासिकेची वाट पाहणाऱ्या तीन विद्यार्थिनीही आहेत, ही गोष्ट मला मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आजोबांची वही छायांकनासाठी देण्याची माझी तयारी आहे. मंडळाने खंड राखण्याचे लेखी कळवले, तर ती मूळ वही मी वाचनालयाला देईन, म्हणजे ८ जून १९३६ चा आठवडा दोन्ही बाजूंनी एकाच कपाटात राहील.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आम्ही अकराजण वाचनालयाच्या पायऱ्यांवर येत आहोत. आमच्याजवळ कोऱ्या वह्या, मऊ ब्रश, तोंडाला बांधायला फडकी आणि दुपारचा डबा असेल. मागच्या दालनाची किल्ली घेऊन कोणाला तरी पाठवावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद,
मंगळवार पेठ, कोल्हापूर